पुरावा बांधावर आहे, तिथे या

उपविभागीय व जिल्हास्तरीय वनहक्क समित्यांच्या सर्व सदस्यांस,

जोहार.

गेली बारा वर्षं मी आमच्या गावातल्या माणसांचे वनहक्काचे दावे, म्हणजे जंगलातली जी जमीन कसत आलो ती आमच्या नावे करा असे अर्ज, लिहून देते. ग्रामसभेने मला वनहक्क समितीची सचिव केलं तेव्हा वाटलं होतं, दोन उन्हाळ्यांत आटपेल. अजून आटपलेलं नाही. गावाचं नाव, तालुका, कोणत्या कार्यालयातून मला कोणतं पत्र आलं, हे मी मुद्दामच लिहीत नाही. एक तर आमचे दावे अजून तुमच्याच टेबलावर आहेत. शिवाय डहाणूपासून धडगावपर्यंत कुणीही हे वाचलं तरी म्हणेल, हे आमच्याच पाड्याचं आहे.

आधी दोन भावांचं सांगते.

आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला एका टेकडीवर दोघा सख्ख्या भावांची जमीन आहे. मधे एक दगडी बांध, तो त्यांच्या बापाने घातलेला. थोरले तापट. १९७४ साली जंगलखात्याचा गार्ड आला, म्हणाला नांगर सोड. यांनी सोडला नाही. मग गार्डाने नांगर उचलून नेला, गुन्हा नोंदवला, दंड लावला. त्या दंडाची पावती आणि जप्तीची यादी थोरल्यांनी पत्र्याच्या डब्यात पन्नास वर्षं जपून ठेवली. यादीत लिहिलंय: नांगर एक, कुदळ एक, कोयते दोन. धाकटे मवाळ. गार्ड आला की कोंबडं द्यायचे, कधी पायलीभर वरई, सणासुदीला बाटली. गार्ड खूश, हेही खूश. कोंबड्याची पावती कोण देतो?

दोघांचे दावे मी एकाच दिवशी, एकाच पेनाने भरले. थोरल्यांना पट्टा मिळाला. मागितलं होतं दीड हेक्टर, हातात आले अकरा गुंठे, ते दुखणं वेगळं. धाकट्यांना छापील पत्र आलं. नावाची जागा पेनाने भरलेली आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द: पुरावा अपुरा.

धाकटे माझ्या ओटीवर बसून म्हणाले, "तेव्हाच भांडलो असतो तर बरं झालं असतं गं." मी चहा ठेवायला आत गेले. दुसरं काय करणार होते?

तुमच्या दप्तरात हा विनोद रोज घडतो, आणि तो कुणाला दिसत नाही याचं मला नवल वाटतं. जमीन कसत होतो हे सिद्ध करायला आमच्याकडे एकच पक्का कागद असतो, तो म्हणजे जमीन कसल्याबद्दल झालेली शिक्षा. जो भांडला त्याच्याकडे तो आहे. जो घाबरला, हप्ता देत राहिला, त्याच्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर घाबरणारेच जास्त होते. घरी चार पोरं असताना माणूस घाबरतोच.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणूनच नियम तसा लिहिलाय. ६ सप्टेंबर २०१२ ला वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट म्हटलंय की समितीने दावा तपासताना ठरावीक प्रकारच्याच कागदासाठी अडून बसायचं नाही. दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, गुन्ह्याचे अहवाल असले किंवा नसले, तरी तेवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही. उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, इतर पुराव्याच्या जागी नाही. ग्रामसभेचा ठराव बदलायचा किंवा नाकारायचा असेल तर सकारण आदेश द्यायचा. दावा अपुरा वाटला तर ग्रामसभेकडे परत पाठवायचा. हे सगळं छापील आहे, सरकारनेच छापलेलं. 'पुरावा अपुरा' हा सकारण आदेश होत असेल, तर माझ्या मुलाने उत्तरपत्रिकेत 'माहीत नाही' लिहिलं त्यालाही पूर्ण गुण द्यायला हवेत.

उपग्रहाच्या चित्राचंही बोलून घेते. डोंगरउतारावर नागली-वरईची जमीन दरवर्षी पेरत नाहीत. दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं, मग टाकून द्यायची. टाकलेल्या जमिनीवर झुडूप येतं, ते वरून हिरवं दिसतं. तुमच्या संगणकावर हिरवं म्हणजे जंगल. आमच्याकडे हिरवं म्हणजे जमीन विसावा घेतेय. २००५ च्या चित्रात जो तुकडा हिरवा, तो २००३ मध्ये राब भाजून काळा केलेला होता आणि २००७ मध्ये पुन्हा झाला. हे चित्राला कळत नाही. शेजारच्याला विचारलं तर तो तारखेसकट सांगेल.

आता मी जरा मागे जाते. तुम्ही म्हणाल सचिवबाई इतिहास सांगायला लागल्या. सांगते, कारण या राज्यात जमिनीसाठी जे जे लढले त्यांचं पहिलं भांडण कागदाशीच होतं.

१२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. त्यांना हवे होते रोखे आणि चोपड्या. त्या ओढून बाहेर काढल्या आणि जाळल्या. मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, आणि सगळीकडे रोख कागदांवरच. सावकाराचं रक्त त्यांना नको होतं. ज्या अंगठ्यामुळे जमीन गेली तो अंगठा त्यांना परत हवा होता. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये कायदा केला. त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं की नुसता रोखा बघून निकाल देऊ नका, रोख्याच्या मागे जा, व्यवहार मुळापासून तपासा. परक्या सरकारला चार वर्षांत जे उमगलं ते आपल्या तालुक्याच्या ठिकाणी अजून पोचायचंय.

अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप तुम्ही ऐकला असेल. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायची नाही असं ठरवलं. तो संप १९३९ पर्यंत चालला. स्वतःच्या हाताने पिकवलेल्या शेतात पीक घ्यायचं नाही, आणि तेही इतकी वर्षं! लोक लाकूडफाटा विकून जगले. तिथेही गाठ कागदाचीच होती. खोत कुळाकडून कबुलायत, म्हणजे कराराचा कागद, लिहून घ्यायचा, त्यामुळे तीन पिढ्या कसलं तरी कागदावर माणूस नवाच दिसायचा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला नेला. खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला.

आणि आमच्याकडचं तर मी पुस्तकातून शिकलेले नाही. वारल्यांकडे लग्नगडी असायचे. लग्नाला शेठकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्या वाड्यावर राबायची. कर्ज किती, फिटलं किती, हे फक्त शेठच्या चोपडीत. ती चोपडी गड्याला वाचता येत नव्हती आणि येत असती तरी दाखवली कुणी असती? वेठीला कधीही बोलवायचे, न जाणाऱ्याला झाडाला बांधून मारायचे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे आपली चार माणसं गेली आणि बोलली. मग २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले आणि ठरवलं की वेठ करायची नाही, मजुरी पैशात घ्यायची. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तेव्हा पाड्यापाड्यावर फिरत होते. आमच्या म्हाताऱ्या अजून त्यांना गोदूताई म्हणतात, जणू काल चुलीपाशी बसून गेल्या.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला लोक जमले, कारण गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा उठवली गेली होती. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड. दरवर्षी १० ऑक्टोबरला त्यांना अभिवादन होतं, हार घातले जातात, भाषणं होतात. तुमच्यापैकी जे पंचायत समितीतून समितीवर आलेत ते त्या कार्यक्रमाला असतातच, मी मंचावर पाहिलंय.

त्या दिवशी माझी पणजी तलवाड्याला होती. पाठीला आजी बांधलेली होती.

ही आजी आमच्या गावातली सगळ्यात म्हातारी. नियमाप्रमाणे दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरतात. म्हणून धाकट्या काकांच्या दाव्याला मी तिचा जबाब जोडला. दोन पानं. कोणत्या साली कोणता बांध घातला, विहीर कधी खणली, गार्ड कोण कोण होते, कोणाला काय आवडायचं, सगळं तिने सांगितलं. एका गार्डाला म्हणे फक्त तांबडा कोंबडा चालायचा. सुनावणीला मी तिला घेऊन गेले. जीपमध्ये दीड तास, मग व्हरांड्यात बाकावर तीन तास. आत बोलावल्यावर कारकुनाने पहिला प्रश्न विचारला, जन्मतारीख काय?

आजी म्हणाली, "गोळीबाराचे साली मी आयसचे पाठीला व्हते."

कारकुनाने मान वर न करता विचारलं, "कुठला गोळीबार?"

मी तारीख सांगितली. तो म्हणाला, तसा दाखला जोडा. महिन्याने पत्र आलं, जबाब देणाऱ्या व्यक्तीच्या वयाचा पुरावा नसल्याने जबाब ग्राह्य धरता येत नाही.

तो कारकून वाईट माणूस नाही. आजीला त्याने पाणी दिलं, पंखा तिच्याकडे फिरवला. पण ज्या उठावाचे फोटो त्याच इमारतीतल्या कार्यक्रमाच्या फलकावर लावले जातात, तो उठाव एखाद्या बाईच्या आयुष्यात घडलेला असू शकतो हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आजीचं पंचांग तेच आहे. तिला विचारा, हा बांध कधीचा? ती सांगेल, वेठ सुटली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. वेठ होती तोवर स्वतःच्या शेतात बांध घालायला माणसाला वेळच कुठे होता? मला विचाराल तर गावातल्या प्रत्येक बांधाचा जन्मदाखला म्हणजे तो उठाव आहे.

वेठ गेली तरी जमीन मिळाली नाही, हे पुढचं रडगाणं. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा दिवस आला, कसणारा कूळ मालक मानला गेला. पण कूळ म्हणून नाव लागलेलं हवं, आणि नाव लावणारा शेठच्या ओटीवर जेवायचा. जंगलाच्या हद्दीतल्या जमिनीला तर कूळकायदा लागूच नाही, तिथे मालक सरकार. कुणाला एकसाली, म्हणजे एका वर्षाच्या बोलीने कसायला, मिळाली, कुणाला तीही नाही. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करू असं सरकार म्हणालं, तेव्हा पुन्हा पावती मागितली. मैदानी भागात गायरानं कसणाऱ्या दलित भूमिहीनांचं काही वेगळं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लोकांनी तुरुंग भरले, आणि आज त्यांच्या नातवांना अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा येतात. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, ते त्यांच्यातल्याच कुणी लिहावं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा कबूल केलं की आमच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. हा शब्द कायद्याच्या उद्देशिकेत आहे, मोर्चाच्या फलकावरचा नाही. १३ डिसेंबर २००५ ला ताब्यात असलेली, कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावे. विकता येणार नाही, वारसाने जाईल. मला हा कायदा आवडतो. दोघांच्या नावे पट्टा आला तेव्हा थोरल्या काकूंनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, माझं नाव कुठलं? मी बोट ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ बोट तिथेच धरून बसल्या. बँकेत पीककर्जाला गेल्यावर मात्र साहेब म्हणाले, सातबाऱ्यावर मालक वन विभाग, तुमचं नाव इतर हक्कात, कर्ज कसं देऊ?

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळलेत त्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला तो थांबवला. मधले पंधरा दिवस आमच्या गावात काय होतं ते तुम्हाला सांगायला हवं. धाकटे काका रोज सकाळी उठून शेतात जाऊन नुसते बसायचे. उन्हाळा, काम काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, कुणी आलं तर माणूस असलेला बरा. तुमच्या दोन शब्दांचं वजन तेवढं असतं. न्यायालयापुढे आकडा जातो तेव्हा त्या आकड्यात तुमचे सगळे 'अपुरा' मिळवलेले असतात.

त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला जो मोर्चा गेला त्यात मी होते. १८० किलोमीटर. पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून शेवटच्या रात्री झोप न घेता आझाद मैदानाकडे चालत गेलो, त्याचं शहरातल्या लोकांनी फार कौतुक केलं, पाणी दिलं, चपला दिल्या. १२ मार्च २०१८ ला सरकारने लेखी आश्वासन दिलं की वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. आता कळतं की 'निकाली काढू' याचा अर्थ आम्ही एक लावला आणि कार्यालयांनी दुसरा. फेटाळलेला दावाही निकालीच निघतो.

आता मागणं.

समितीतले जे वन खात्याचे अधिकारी आहेत त्यांना: जागेची पाहणी असते तेव्हा आमची समिती तुम्हाला आधी कळवते. तुम्ही येत नाही आणि नंतर हरकत घेता. नियम असा आहे की अशा वेळी दावा पुन्हा पाहणीला ग्रामसभेकडे येतो आणि दुसऱ्यांदाही तुम्ही आला नाहीत तर ग्रामसभेचं म्हणणं अंतिम. आम्ही हा नियम आता पाठ केलाय. पण खरंच सांगते, तो वापरायची आम्हाला हौस नाही. तुम्ही आलेलं आम्हाला हवंय. जुन्या गुन्ह्यांची रजिस्टरं तुमच्याच कपाटात आहेत, ती घेऊन या. कुणाचे नांगर नेले ते त्यात लिहिलेलं असेल.

प्रांतसाहेबांना: फेटाळलेल्या दाव्यांची पत्रं दावेदाराच्या हातात पडत नाहीत. साठ दिवसांत अपील करायचं असतं, आणि पत्र ग्रामपंचायतीच्या कपाटात चार महिन्यांनी सापडतं. मुदत पत्र हातात पडल्या दिवसापासून धरा. आमच्या गावात जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान् पिढ्या इथेच राहतात, त्यांना पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यांच्या दाव्यांना तर तुम्ही उघडूनही पाहत नाही असं पाकिटांवरून दिसतं. तेही आमच्याबरोबरच मोर्चात चालले होते.

आणि निवडून आलेल्या तिघांना काय सांगू? तुम्हाला सगळं माहीत आहे. सही करायच्या आधी एकदा वाचा.

सगळ्यांना मिळून एकच विनंती. धाकट्या काकांच्या दाव्याची फेरसुनावणी कार्यालयात न घेता जागेवर घ्या. सपाटीकरण, बांध, बंधारे हे नियमाने पुरावे आहेत आणि ते फायलीला टाचणीने लावता येत नाहीत. दिवाळीनंतर या, भात कापून झालेलं असतं, बांध उघडा दिसतो. खालचे दगड मातीत गेलेत, त्यांच्यावर शेवाळ धरलंय. वरच्या टोकाला एक ऐनाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याने बांधाचे दोन दगड पोटात घेतलेत, पार गिळलेत. ऐन किती वर्षांत एवढा होतो हे तुमच्या खात्याचा माणूस आमच्यापेक्षा चांगलं सांगेल. तो सांगेल तेवढं वय लिहा, आमची हरकत नाही.

आजी तिथेच असेल. तिला पुन्हा जीपने आणणं आता होणार नाही. तिच्या डाव्या बाजूला बसू नका, त्या कानाने तिला ऐकू येत नाही.

आपली,
एका ग्रामसभेच्या वनहक्क समितीची सचिव